संयुक्त चक्र वायू वीज केंद्र : एकाच इंधनापासून दोनदा वीज

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. येथील खरिपाचे धान पावसावर व तलावांच्या पाण्यावर पिकते. उन्हाळी धानासाठी मात्र विहिरी, नाले आणि वैनगंगा यांवर बसविलेल्या विद्युतपंपांचा आधार घ्यावा लागतो. रोवणीनंतर ऐन गरजेच्या दिवसांत वीज खंडित झाली तर बांधी कोरडी पडते आणि हंगामाचे गणित बिघडते. म्हणूनच वीज कोठे, कशापासून व किती खर्चात तयार होते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. तो शेतकऱ्याचा आणि त्याच्या ग्रामपंचायतीचाही होतो.

या जिल्ह्याच्या आसपास वीजनिर्मितीचे मोठे कारखाने उभे आहेत. पश्चिमेस नागपूर जिल्ह्यात कोराडी, खापरखेडा व मौदा येथे, तर पूर्वेस गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तिरोडा तालुका भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. ही सर्व केंद्रे कोळशावर चालतात. कोळशाच्या वाघिणी, उंच धुरांडी, राखेचे बंधारे आणि पाण्याची मोठी मागणी यांचा परिचय येथील लोकांना आहे. औष्णिक केंद्राचा दुसरा प्रकार नैसर्गिक वायूवर चालतो आणि त्यात 'संयुक्त चक्र' या पद्धतीने एकाच इंधनापासून दोनदा वीज मिळविली जाते. महाराष्ट्रातील अशी मोठी केंद्रे कोकणपट्टीत आहेत. भंडारा जिल्ह्यात असे केंद्र नाही. तथापि मुंबई–नागपूर–झारसुगुडा या वायुवाहिनीच्या योजनेने विदर्भ राष्ट्रीय वायुजाळ्याशी जोडला जात असल्याने या पद्धतीचे तत्त्व, तिचे लाभ आणि तिच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे ठरते.

चूल आणि वैल

संयुक्त चक्राचे तत्त्व ग्रामीण गृहिणीला नवे नाही. मातीच्या चुलीला जोडून मागे किंवा बाजूला वैल असतो. चुलीत लाकूड जळते, तिच्यावर भात शिजतो. आणि चुलीतून निसटणारी आच वैलाखाली जाऊन तेथे वरण उकळते किंवा दूध तापते. वैलासाठी वेगळे सरपण लागत नाही. जी उष्णता एरवी वाया गेली असती, तिच्याकडून दुसरे काम करून घेतले जाते.

वायूच्या वीज केंद्रात गॅस टर्बाइन ही चूल असते आणि वाफेची टर्बाइन हा वैल. गॅस टर्बाइनच्या पुढील भागात कॉम्प्रेसर असतो. तो बाहेरची हवा ओढून घेतो आणि तिचा दाब बारा ते वीस पट वाढवितो. ही दाबलेली हवा ज्वलनकक्षात येते, तेथे तिच्यात नैसर्गिक वायू सोडून तो पेटविला जातो. त्यामुळे एक हजार अंश सेल्सिअसहून अधिक तपमानाचा वायुझोत निर्माण होतो. हा झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळून ती फिरवितो आणि तिच्याशी जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. या फिरण्यातील मोठा हिस्सा कॉम्प्रेसर चालविण्यातच खर्च होतो. उरलेली शक्ती विजेच्या रूपाने मिळते.

पात्यांवरून बाहेर पडलेला वायू अजूनही पाचशे ते सहाशे अंश सेल्सिअस इतका तप्त असतो. तो तसाच धुरांड्यातून सोडून दिला तर त्या पद्धतीला 'खुले चक्र' म्हणतात. संयुक्त चक्रात हा तप्त वायू एका विशेष बॉयलरमधून नेला जातो. या बॉयलरमध्ये सामान्यतः नवे इंधन जाळीत नाहीत. तप्त वायूच्या उष्णतेनेच नळ्यांतील पाण्याची वाफ होते. ही वाफ दुसरी टर्बाइन फिरविते आणि पुन्हा वीज निर्माण होते. नंतर वाफ थंड करून तिचे पाणी केले जाते आणि ते बॉयलरकडे परत पाठविले जाते. हवेचे आणि वाफेचे अशी दोन चक्रे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे या पद्धतीस संयुक्त चक्र हे नाव मिळाले.

हिशेब शंभराचा

शाळेत हा विषय शिकविताना पुढील हिशेब उपयोगी पडेल. इंधनातून उष्णतेचे १०० भाग मिळाले असे समजू. साध्या गॅस टर्बाइनमध्ये त्यातील सुमारे ३४ भागांची वीज होते आणि ६६ भाग तप्त वायूबरोबर बाहेर जातात. उष्णता वसूल करणारा बॉयलर त्यातील सुमारे ५३ भाग पकडतो. वाफेची टर्बाइन त्यांपैकी एकतृतीयांशाची, म्हणजे सुमारे १८ भागांची, वीज करते. दोन्ही मिळून ५२ भाग झाले. इंधन तेवढेच, वीज मात्र दीडपटीहून थोडी अधिक. नव्या, मोठ्या यंत्रांत हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून थोडे पुढेही गेले आहे. जुन्या पद्धतीच्या कोळसा केंद्रात ते ३५ टक्क्यांच्या आसपास, तर उच्च दाबाच्या नव्या कोळसा केंद्रात ४० टक्क्यांच्या आसपास असते.

हा लाभ का होतो, याचे उत्तर सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आहे. उष्णतेचे सर्वच्या सर्व कामात रूपांतर कधीही होत नाही. उष्णता ज्या तपमानाला मिळते आणि ज्या तपमानाला सोडून दिली जाते, त्या दोहोंतील अंतर जितके मोठे, तितका कामाचा वाटा मोठा होऊ शकतो. वाफेची टर्बाइन साधारण ५४० अंशांपासून काम सुरू करते. त्यावरील तपमानाचा लाभ तिला घेता येत नाही. गॅस टर्बाइन अकराशे अंशांपासून किंवा त्याहूनही वरून आरंभ करते, परंतु साडेपाचशे अंशांच्या आसपास काम सोडून देते. पहिली जेथे थांबते तेथून दुसरी सुरू होते, आणि अकराशे अंशांपासून हवेच्या तपमानापर्यंतचा सर्व उतार कामी येतो. धरणाच्या पायथ्याशी वीज निर्माण करून सोडलेल्या पाण्यावर खाली पुन्हा एक वीजघर बांधावे, तसाच हा प्रकार होय.

उरणचा धडा

महाराष्ट्रात या तत्त्वाचा सर्वांत बोधप्रद दाखला रायगड जिल्ह्यातील उरण येथे आढळतो. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेलाचा शोध लागला. समुद्रातील तेलाबरोबर मिळणारा वायू समुद्रतळावरील वाहिनीने उरणला येऊ लागला, तेव्हा तो जाळून टाकण्याऐवजी त्यापासून वीज निर्माण करण्याचे ठरले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९८२ मध्ये तेथे प्रत्येकी ६० मेगावॉटचे गॅस टर्बाइन संच सुरू केले. १९८५-८६ च्या सुमारास प्रत्येकी १०८ मेगावॉटचे चार संच त्यांत भर म्हणून आले. हे सर्व संच आरंभी खुल्या चक्रावर चालत होते आणि त्यांची उष्णता आकाशात जात होती.

१९९४ मध्ये तेथे वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे प्रत्येकी १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच पूर्ण झाले. १०८ मेगावॉटच्या चार संचांची क्षमता ४३२ मेगावॉट; त्यांच्याच उष्णतेवर मिळालेली जादा क्षमता २४० मेगावॉट. पहिले ६० मेगावॉटचे संच पुढे सेवेतून काढण्यात आल्यावर केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट राहिली. ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाची पुनर्रचना झाली, तेव्हापासून हे केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आहे. मुंबईत तुर्भे येथे टाटा कंपनीच्या १८० मेगावॉटच्या संचातही गॅस टर्बाइनचे १२० आणि वाफेचे ६० मेगावॉट असाच हिस्सा आहे. दोन वाटे गॅस टर्बाइनचे आणि एक वाटा वाफेचा, हे या पद्धतीचे स्थूल प्रमाण होय.

परंतु उरणच्या धड्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. यंत्रसामग्री सज्ज असूनही पुरेसा वायू न मिळाल्यामुळे हे केंद्र अनेक वर्षे क्षमतेपेक्षा बरेच कमी चालले. चूल आणि वैल दोन्ही उत्तम. सरपणच अपुरे, अशी ही स्थिती.

दाभोळचा धडा

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाने हाच धडा अधिक मोठ्या किमतीवर दिला. या प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. त्यासाठी नाफ्था हे महाग इंधन वापरले जात होते. विजेच्या दरावरून वाद विकोपाला गेला आणि २००१ मध्ये केंद्र बंद पडले. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प पुन्हा उभा करण्यात आला. त्याची एकूण क्षमता सुमारे १,९६७ मेगावॉट.

आंध्र किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून २००९ मध्ये वायू मिळू लागला, तेव्हा केंद्राला आधार लाभला. पुढे त्या खोऱ्यातील उत्पादन झपाट्याने घटले आणि २०१३ पासून दाभोळचे संच पुन्हा थंडावले. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट वीज पुरविण्यासाठी केंद्राचा काही भाग पुन्हा चालू करण्यात आला. यंत्रे कार्यक्षम होती, जागा समुद्राकाठची होती, द्रवरूप वायू उतरविण्याचे केंद्रही शेजारीच उभे राहिले होते. तरीही परवडणाऱ्या दराने आणि दीर्घ मुदतीच्या हमीने इंधन न मिळाल्यामुळे मोठे भांडवल अडकून पडले.

ही स्थिती केवळ महाराष्ट्रापुरती नव्हती. २०२३-२४ मध्ये देशातील वायू आधारित वीज केंद्रांची क्षमता सुमारे २५ हजार मेगावॉट होती. पण देशाच्या एकूण वीजनिर्मितीतील त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच होता. देशात निघणारा वायू आधी घरगुती स्वयंपाकासाठी व वाहनांसाठी दिला जातो. परदेशातून जहाजाने येणारा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात आणावा लागतो आणि त्याची किंमत आंतरराष्ट्रीय बाजारावर अवलंबून असते.

भंडाऱ्याच्या दृष्टीने तुलना

समजा, १०० मेगावॉटचे केंद्र दिवसरात्र पूर्ण क्षमतेने चालले. ते दिवसाला २४ लाख युनिट वीज निर्माण करील. कोळशावर चालविल्यास त्याला दररोज सुमारे सोळाशे टन कोळसा लागेल आणि भारतीय कोळशातील राखेचे प्रमाण पाहता त्यातून साडेपाचशे टनांच्या आसपास राख उरेल. संयुक्त चक्रात एका घनमीटर वायूपासून सुमारे पाच युनिट वीज मिळते. म्हणून तेवढ्याच विजेसाठी दररोज सुमारे ४ लाख ८० हजार घनमीटर वायू लागेल. राख मुळीच उरणार नाही, गंधकाचा धूर नगण्य राहील आणि प्रत्येक युनिटमागे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याहून कमी असेल. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र येथेही निर्माण होतात आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवावे लागते. तसेच वाहिनीतून गळणारा वायू वातावरणाची उष्णता वाढविण्यात कार्बन डायऑक्साइडहून अधिक प्रबळ असतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

पाण्याचा प्रश्न या जिल्ह्याला विशेष जिव्हाळ्याचा आहे. शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय नियमांनी दर मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर ही पाण्याची मर्यादा घातली. या दराने १०० मेगावॉटच्या कोळसा केंद्राला दिवसाला ८४ लाख लिटर पाणी लागते. एवढ्या पाण्याने सुमारे २१ एकर धानाच्या बांधीत चार इंच पाणी उभे राहते. संयुक्त चक्रात फक्त वाफेचा भाग थंड करावा लागत असल्याने ही गरज साधारण एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत खाली येते.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवर बांधलेल्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविण्यात आली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्राला सिंचन देणे हा त्या प्रकल्पाचा हेतू. त्याच जलाशयातून मौदा येथील वीज केंद्रालाही पाणी दिले जाते. वैनगंगेच्या पाण्यावर पिण्याचे पाणी, शेती, मासेमारी आणि उद्योग असे अनेक हक्क एकाच वेळी सांगितले जात असता, प्रत्येक युनिटमागे वाचणारे पाणी ही लहान गोष्ट नव्हे.

वायू केंद्राचा आणखी एक गुण म्हणजे चपळपणा. गॅस टर्बाइन अर्ध्या तासाच्या आत भार घेऊ शकते. थंड पडलेले कोळसा केंद्र सुरू करण्यास कित्येक तास लागतात. दिवसा सौर वीज भरपूर मिळू लागली आहे, पण सूर्य मावळताच गावोगावी दिवे लागतात आणि मागणी वाढते. अशा वेळी चपळ केंद्राचे मोल मोठे असते.

या सर्वांचा मेळ घातला असता एक गोष्ट स्पष्ट होते. पाणी, राख आणि धूर या तिन्ही बाबतींत संयुक्त चक्र भंडाऱ्याला अनुकूल आहे; इंधनाच्या बाबतीत मात्र कोळसा जवळ आहे आणि वायू दूर आहे. देशातील पूर्वीची बहुतेक वायू केंद्रे एकतर समुद्रकाठी उभी राहिली किंवा हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीच्या वाटेवर अंता व औरैया यांसारख्या ठिकाणी. यंत्र वायूच्या मागे गेले, वायू यंत्राच्या मागे आला नाही. वाहिनी जिल्ह्याजवळून गेली म्हणजे वीज केंद्राला पुरेसा वायू मिळालाच, असेही समजता येत नाही; वाहिनी हा रस्ता आहे, त्यावरून माल किती व कोणत्या भावाने येईल हा प्रश्न वेगळाच असतो.

पंचायतीने विचारावयाचे प्रश्न

वीजनिर्मितीसाठी स्वतंत्र परवान्याची अट २००३ च्या विद्युत अधिनियमाने बहुतांशी काढून टाकली. त्यामुळे खाजगी प्रकल्पांचे प्रस्ताव कोणत्याही जिल्ह्यात येऊ शकतात. मात्र १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या औष्णिक प्रकल्पांना, मग ते कोळशाचे असोत वा वायूचे, पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी व जनसुनावणी आवश्यक असते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ही सुनावणी घडवून आणते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्षस्थान भूषवितात. सुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आदी ठिकाणी तो पाहता येतो. पंचायत सदस्यांनी तो वाचून सुनावणीस जावे, हे श्रेयस्कर.

तेथे विचारावयाचे मुख्य प्रश्न असे आहेत. इंधनाचा करार झाला आहे काय, तो किती वर्षांचा आहे आणि दराचे सूत्र काय आहे? वायू मिळाला नाही तर केंद्र कशावर चालेल, की बंद राहील? पाणी कोठून, कोणत्या महिन्यात, किती घेतले जाईल आणि टंचाईच्या वर्षी प्रथम कपात कोणाची होईल? जमीन सुपीक व ओलिताची आहे की पडीक? संच प्रथम खुल्या चक्रावर चालवून वाफेचा भाग मागाहून उभारावयाचा असेल, तर तो केव्हा पूर्ण होईल? उरणमध्ये आरंभीच्या संचांपासून वाफेच्या संचांपर्यंत बारा वर्षे लोटली, हे या ठिकाणी स्मरणात ठेवावे. तयार झालेली वीज कोण, कोणत्या दराने विकत घेणार? आणि केंद्र बंद पडल्यास जमीन व कामगार यांचे काय होईल?

हे प्रश्न विचारणे म्हणजे विकासाला विरोध करणे नव्हे. इंधनाचा प्रश्न कराराच्या वेळीच निकालात निघाला असता, तर दाभोळला पुढील अनेक वर्षांची हानी टळली असती. ज्या गावाने जमीन दिली आणि नदीचे पाणी वाटून घेतले, त्या गावासाठी थंड पडलेले वीज केंद्र हे दुहेरी नुकसान ठरते. शेत गेलेले असते आणि काम मिळालेले नसते.

लहान प्रमाणावर तेच तत्त्व

वायू येवो अथवा न येवो, संयुक्त चक्रामागील काटकसरीचे तत्त्व जिल्ह्याला आजही उपयोगी आहे. राज्यातील अनेक साखर कारखाने उसाच्या चिपाडावर उच्च दाबाची वाफ करतात, तिच्यापासून आधी वीज घेतात आणि कमी दाबाची उरलेली वाफ रस आटविण्यासाठी वापरतात. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. उकडा तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्यांनाही धान उकडण्यासाठी वाफ लागते आणि धानाचे तूस हे त्यांचे हाताशी असलेले इंधन आहे. पुरेशा मोठ्या गिरणीत वाफेपासून आधी वीज व मग उकडणी असा क्रम बसविता येतो. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या तप्त वायूवरही बॉयलर चालविता येतात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चूल आणि वैल दाखवून हा पाठ सुरू करावा व शंभराचा हिशेब फळ्यावर मांडावा. अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी प्रस्ताव हाती येताच मेगावॉटचा आकडा पाहण्यापूर्वी इंधन आणि पाणी यांचे आकडे पाहावेत. केंद्राची क्षमता कागदावर ठरते. वीज मात्र दररोज येणाऱ्या इंधनावर व पाण्यावर ठरते. हा फरक गावपातळीवर जितका समजेल, तितका जिल्ह्याच्या जमिनीचा व वैनगंगेच्या पाण्याचा विनियोग शहाणपणाने होईल.